जिन्याखालची तबकडी

आमच्या गिरगावच्या चाळीत विजेचे मीटर जिन्याखाली एका ओळीत टांगलेले असत. प्रत्येकाच्या काचेआड अॅल्युमिनियमची तबकडी आणि तिच्या कडेवर एक खूण. वरच्या खोलीत वीज चालू असली की खाली तबकडी फिरायची. वाण्याचा पोऱ्या उधारी मागायला आला की तीन मजले चढण्याआधी वाकून ती बघून घ्यायचा. एकदा महिनाअखेरीला वडिलांनी शेजाऱ्यांकडून दाराला बाहेरून कुलूप लावून घेतलं, दिवे-पंखे बंद केले आणि आम्हा सगळ्यांना आत घामाघूम बसवलं. सगळं झकास जमलं होतं. फक्त आईची इस्त्री बंद करायची राहिली. पोऱ्या कुलपासमोर उभा राहून म्हणाला, "काका, तबकडी गरागरा फिरतेय."

तेव्हा लांबून विजेवर नजर ठेवण्याची विद्या नवी आहे, हे मी मानायला तयार नाही. पोऱ्याला वाकावं लागायचं, एवढाच फरक.

कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंत वीज देते ती बेस्ट. ही कंपनी ७ ऑगस्ट १९४७ला महापालिकेकडे आली. ('देशाच्या आठ दिवस आधी स्वतंत्र झाली,' असं वडील दर बिलामागे म्हणत.) आता बेस्टने जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवायला घेतले आहेत. त्यांना तबकडी नाही. हा मीटर पंधरा मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा हिशेब आपला आपण टिपतो आणि दूरच्या संगणकाला धाडतो. बिल थकलं तर तिथूनच वीज तोडताही येते. सोय आहे, नाही कोण म्हणतो? गळती सापडते, वीज गेलेली लगेच कळते. २०२४ साली प्रीपेडवरून गदारोळ झाला, तेव्हा सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारने जाहीर केलं. ते भांडण पैशांचं होतं. माझं वेगळंच आहे.

आमच्या शाखेतले एक सहकारी म्हणतात, "लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?" हे गृहस्थ चहाला जाताना टेबलाच्या खणाला कुलूप लावून जातात. खणात बडीशेपेची डबी असते.

प्रत्येक यंत्राची विजेतली चाल वेगळी. गीझर दोन हजार वॅटची उडी मारतो, फ्रिज बिचारा शे-दीडशेची पायरी चढतो आणि उतरतो. अमेरिकेत एमआयटीतल्या जॉर्ज हार्ट यांनी १९८०च्या दशकात एका मीटरच्या चढउतारावरून घरातली यंत्रं ओळखायची पद्धत काढली. पुढे १९८९ साली त्यांनीच लेख लिहून बजावलं, की याने घरावर पाळत ठेवता येईल. नेदरलँड्समध्ये २००९ साली सक्तीचे स्मार्ट मीटर वरिष्ठ सभागृहाने अडवले, तेही खाजगीपणाच्या मुद्द्यावर. आपण कधी उठतो, रात्री कुठवर जागतो, गावाला कधी गेलो, हे विजेच्या आकड्यांत ओळखू येतं. मनुष्य गप्प बसला तरी त्याचा गीझर बोलतो.

आता यात नुसतं बघणाऱ्याचं चुकतं काय? मला वीस वर्षं लोकांची खाती दिसतात. कुणाच्या पगारातून कुणाला दरमहा पैसे जातात ते ठाऊक असूनही मी मान खाली घालून शिक्का मारतो. माहिती असणं हा गुन्हा असता तर मी एव्हाना येरवड्यात असतो. पण काम नसताना ओळखीच्या माणसाचं खातं उघडून पाहिलं, कुणाला सांगितलं नाही, पैशालाही हात लावला नाही, तर? नियमात ते बसत नाही. पण नियम बाजूला ठेवला तर कुणाचं काय गेलं, हे मला कधी नीट सांगता येत नसे.

माझी आई अजून त्याच खोलीत एकटी राहते. वय ८१. दादरला यायचं नाव काढत नाही. आमच्या चिरंजीवांनी तिच्या गीझरला वाय-फायचा प्लग बसवला. "आजी, बंद करायला विसरलीस तर आम्ही घरबसल्या बंद करू." हे तिला सांगितलं होतं. रोज सकाळी साडेपाचला माझ्या मोबाइलवर एक रेघ वर चढायची, हे मात्र सांगितलं नव्हतं. रेघ चढली की 'आई उठली' म्हणून मी कूस बदलायचो. पूर्वी मी तिला रोज फोन करत असे. रेघ दिसायला लागल्यापासून तो हळूहळू आठवड्यावर गेला. तब्येत कळतच होती ना!

मागच्या हिवाळ्यात एके दिवशी रेघ चढली नाही. सहा वाजले, साडेसहा वाजले. फोन लागेना. टॅक्सीत बसून आठवू लागलो, की आईशी शेवटचं काय बोललो? आठवेना. शेवटचे आठ दिवस ती किती वाजता उठली, ते मात्र मिनिटासकट पाठ.

आई गॅलरीत मेथी निवडत बसली होती.

"गीझर का नाही लावलास?" मी धापा टाकत विचारलं.

"गार पाण्याने उरकलं आज. पण तुला कुणी सांगितलं?"

"आणि फोन?"

"बंद पडलाय, चार्जिंगला लावलाय. तुला गीझरचं कुणी सांगितलं?"

मग सांगावंच लागलं. ती बराच वेळ काड्या बाजूला करत राहिली.

"म्हणजे मी आंघोळ कधी करते, ते तू दादरला बसून बघतोस."

"काळजी वाटते गं."

"अरे, तो वाण्याचा पोऱ्यासुद्धा तबकडी बघून वर येऊन दार वाजवायचा."

यावर बी.कॉम.ला काही शिकवलेलं नव्हतं. तिने चहा केला, पोहे केले, आणि निघताना प्लग काढून माझ्या पिशवीत टाकला. खाली उतरल्यावर सवयीने मी जिन्याखाली वाकलो. नवा मीटर एक लाल दिवा मिचकावत होता. त्यावरून ती घरात आहे की नाही, ते मला काही कळलं नाही. दूर कुठे कुणाला कळत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर साडेपाचला मी फोन केला. तिसऱ्या दिवशीही केला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "ऐन आंघोळीच्या वेळेला कसला वाजवतोस? सहानंतर करत जा."