सही कुणासाठी?

‘आपण बरं नि आपलं काम बरं’ हे आपल्याकडे सरळमार्गी माणसाचं लक्षण समजलं जातं. जर्मनीतल्या एरफुर्टच्या टोप्फ कंपनीतला अभियंता कुर्ट प्रूफर याच वाटेने गेला. बुखेनवाल्ड नि आउश्विट्झ इथल्या नाझी छळछावण्यांत प्रेतं जाळायच्या भट्ट्या त्याने आखल्या. ऐन दुसऱ्या महायुद्धात त्याने मालकांना पत्र लिहिलं, की आराखड्यांसाठी घरी, फावल्या वेळात खपलो आहे, त्याचा मोबदला मिळावा. भट्टीत कोण जाणार, हा विषय त्या पत्रात नाही.

‘त्या राजवटीत दुसरं करता तरी काय आलं असतं?’ असं विचारलं जातं. उत्तर हर्मान ग्रेबेने दिलं आहे. तोही जर्मन अभियंता. १९३१ मध्ये नाझी पक्षात शिरला, पुढे भर सभेत पक्षावर टीका केली म्हणून तुरुंगात गेला. युद्धकाळात योझेफ युंग या बांधकाम कंपनीची युक्रेनमधली शाखा त्याच्याकडे होती. काम रेल्वेच्या इमारतींचं. ५ ऑक्टोबर १९४२ रोजी दुब्नोच्या विमानतळाजवळ त्याने ज्यूंचं सामूहिक हत्याकांड डोळ्यांनी पाहिलं. खड्ड्याच्या काठाशी पांढऱ्या केसांची एक म्हातारी वर्षभराच्या बाळाला कडेवर घेऊन गाणं म्हणत खेळवत होती. बाळ खुदुखुदु हसत होतं.

त्याआधी जुलैत, रोव्नोची ज्यू वस्ती रिकामी केली जात असताना, ‘हे माझे कामगार आहेत’ असं सांगणारं सरकारी पत्र मिळवून ग्रेबेने शंभराहून अधिक ज्यूंना तिथून बाहेर काढलं होतं. पुढे पोल्ताव्हात त्याने कंपनीची नावापुरती शाखा उघडली आणि खोट्या कागदपत्रांवर ज्यू कामगार तिकडे धाडले. युद्धानंतर न्यूरेंबर्ग खटल्यासाठी साक्ष दिली. मायदेशात त्यापायी रोष पत्करावा लागला; १९४८ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेला गेला. १९६५ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला.

ग्रेबेकडे ना फौज होती, ना मोठं पद. होती ती शाखाप्रमुखाची सही, कामगारांची यादी आणि परवानगीचे कागद. एवढा अधिकार आपल्यापैकी अनेकांच्या हाती असतो. काम चोख करणं हा सद्गुणच आहे, पण तो अर्धा. आपल्या कौशल्याने कुणाचं आयुष्य उभं राहतं आणि कुणाचं उद्ध्वस्त होतं, हे पाहणंही कामाचाच भाग आहे. ती जबाबदारी वरिष्ठांवर ढकलता येत नाही. सही आपली असते.