खातेय ना, मग बरी आहे

आमच्या घरात तब्येत ओळखण्याची एकच कसोटी आहे: जेवण जातंय का? जात असेल तर बरं आहे. ताप, परीक्षा, ब्रेकअप, सगळ्याला हीच कसोटी लावतात आणि माणसांच्या बाबतीत ती बऱ्यापैकी चालते. मांजराच्या बाबतीत मात्र तिचा काही उपयोग नाही.

दात दुखणारं मांजरही जेवतं. एकाच बाजूने चावतं, दाणे अख्खेच गिळतं, खाताना मान तिरकी करतं, तोंडातला दाणा पाडून पुन्हा उचलतं, पण वाटी रिकामी होते. मांजर स्वतः शिकारी असलं तरी मोठ्या जनावरांची शिकारही आहे. दुखणं दाखवणं अशा जिवाला परवडत नाही. आमच्या चिंगीने फक्त दोन गोष्टी केल्या. मान तिरकी करायला लागली आणि कोरड्या खाऊपुढे नुसती बसून राहायला लागली. मला शंका आली. आई म्हणाली, "अगं, ओला खाऊ दिला की खातेय ना? लाडावलीये, दुसरं काही नाही."

आईचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. वाद पुराव्याचा होता. मी दिवसभर सर्व्हर सांभाळते. लॉगमध्ये एकही एरर नाही याचे दोन अर्थ होतात: सगळं सुरळीत आहे किंवा लॉग लिहिणंच बंद पडलंय. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

सतराव्या शतकात देकार्तने प्राण्यांना यंत्रांच्या पंगतीला बसवलं. १७८९ मध्ये बेंथमने प्रश्नच बदलला. प्राण्यांना विचार करता येतो का किंवा बोलता येतं का हे विचारू नका, त्यांना यातना होतात का हे विचारा, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. पण चिंगीपुढे बसल्यावर ते पुरत नाही. तिला यातना होऊ शकतात हे आईलाही मान्य आहे. आत्ता, या मंगळवारी, होतायत का, एवढाच प्रश्न आहे.

मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, नाकातोंडाजवळचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामक देण्याचा विचार करायचा. मला ही पट्टी फार आवडली, कारण तिच्यात नीट बघण्याला शिस्त आहे. पण ती मुळात तीव्र दुखण्यासाठी बनवलेली. महिनोन्‌महिने मुरलेला ठणका तिच्यातून निसटू शकतो.

मग मी हिशेब केला. शंका खोटी ठरली तर चिंगीला विनाकारण भूल. खरी असून सोडून दिली तर रोजचा ठणका. दोन्हीकडे चुकीची किंमत तीच मोजणार, माझे फक्त पैसे जाणार. पण भूल एका सकाळची आणि ठणका कायमचा. म्हणून बोलू न शकणाऱ्याच्या बाबतीत 'दुखत नाही' हे म्हणणाऱ्यानेच सिद्ध करावं, असं मला वाटतं. (दया म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीच देऊ नका. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही, अगदी थोडीशीही जीव घेऊ शकते.)

भूल देऊन एक्स-रे काढला. खालच्या जबड्यातली, सुळ्यामागची पहिली दाढ हिरडीच्या कडेला विरघळत होती, तशीच दुसऱ्या बाजूचीही. मांजरांत हे सर्रास होतं. शरीराच्याच पेशी दात पोखरतात आणि खड्ड्यात हिरडी वाढते. सिमेंट भरून भागत नाही, दात काढावाच लागतो. डॉक्टर म्हणाले, अशा दाताला टोचणी लावली की भुलीतसुद्धा जबडा थडथडतो. हे ऐकून माझी झोप उडाली. म्हणजे जागेपणी दुखत असून चेहऱ्यावर काही नाही, आणि भान नसताना जबडा थडथडतो. दुखणं आणि त्याची खूण एकमेकांना सोडून चालतात, तर मग आपण नक्की काय वाचत असतो?

त्याआधी संमतीपत्रावर सही केली होती. तिथे 'मालक' असं छापलं होतं. लहान मुलासाठी आईबाप सही करतात, पण मूल मोठं झाल्यावर त्याला सांगता तरी येतं की तुझं असं झालं होतं. चिंगीला ते कधीच सांगता येणार नाही. तिच्या लेखी एवढंच घडलं, की मी तिला बास्केटमध्ये कोंबलं, कोणीतरी सुई टोचली आणि जाग आली तेव्हा तीस दातांतले दोन नव्हते. तिने मला माफ केलं का, हा प्रश्नसुद्धा माझ्या सोयीचा आहे.

तीन आठवड्यांनी ती पडद्यावर चढली. दोन वर्षांत चढली नव्हती. आम्ही सगळ्यांना सांगायचो, आमची चिंगी शांत स्वभावाची आहे.

स्वभाव या शब्दाचा मी तेव्हापासून धसका घेतलाय. माझी आजी वर्षानुवर्षं भाकरी दुधात कुस्करून खायची. घरात सगळे म्हणायचे, तिला तशीच आवडते. आवडतही असेल. आता विचारायला आजी नाही.

आणि आमच्या सोसायटीच्या पंपहाऊसमागे एक बोका आहे. त्याच्या तोंडातून सारखी लाळ गळते, अंगावरची केसं गुंतलीयेत, कारण दुखऱ्या तोंडाने त्याला अंग चाटता येत नसावं. तो कोणाला हात लावू देत नाही. त्याच्यासाठी सही करायला मालक नाही. आई रोज संध्याकाळी त्याला मऊ भात आणि मासे कुस्करून ठेवते. मी पिंजरा मिळतोय का बघतेय. शनिवारी आणायचं ठरलंय.