नसलेल्या डोंगराची उंची

कळसूबाईचं शिखर 1646 मीटर उंच. अकोले तालुक्यातल्या या डोंगरावर कुणी कितीही वेळा चढो, नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणारी 1600 मीटरची समोच्च रेषा काही पायाखाली सापडायची नाही. उंची डोंगराची, रेषा माणसाची.

मग ज्याचा डोंगरच मनातला, त्या नकाशाला काय म्हणायचं? कादंबरीसाठी बेट रचणाऱ्याला किंवा व्हिडिओ गेमसाठी घाट उभारणाऱ्याला असा नकाशा लागतो, आणि हल्ली त्याला पैसेही पडत नाहीत. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. चौकटीगणिक उंचीचे आकडे द्यायचे, दोन रेषांमध्ये 20 मीटरचा फरक ठेवायचा, की रेषा उमटतात. आकडे अवकाशातून मोजलेले की कुणी मनाने घातलेले, याची चौकशी संगणक करत नाही.

कळसूबाईच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, 1290मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मृगजळ आणि दोरीवर भासणारा साप हे भ्रमाचे दाखले तेव्हापासून मराठी श्रोत्याच्या अंगवळणी पडले आहेत. पण इथे साप उपयोगाचा नाही. सापाला घाबरणारा फसलेला असतो. काल्पनिक नकाशाने कुणीच फसत नाही. (त्यावरचे प्लॉट कुणी विकायला काढले तर गोष्ट वेगळी.) योगसूत्रांतली पतंजलीची वाटणी जास्त कामाची. चित्ताच्या पाच वृत्तींत त्याने विपर्यय, म्हणजे चुकीचं ज्ञान, आणि विकल्प, म्हणजे वस्तू नसताना शब्दाच्या आधाराने चालणारं ज्ञान, हे वेगळे ठेवले. मनातला डोंगर विकल्पात बसतो.

अडचण अशी, की कळसूबाईवरची रेषाही त्याच्या शेजारीच जाऊन बसते. तरी पाणी तिला मानतं. हिवरे बाजार या गावात पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. तिथल्या डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले गेले. असा चर रेषेवरून जरा ढळला तरी पाणी खालच्या टोकाला धावतं आणि मातीचा भराव फोडून निघून जातं.

प्रवरेवरचं भंडारदरा धरण तर याहून पेचाचं. ते 1926मध्ये पूर्ण झालं, पण धरणाचं पाणी कुठवर चढेल ते आधी कागदावर समोच्च रेषेनेच ठरवावं लागतं. तेव्हा तळं नसतं. ढग पाहून पाऊस ओळखावा, तसं पुढचं सांगणारं अनुमान न्यायशास्त्राला मान्य आहे. पण ढग माणसाच्या हुकमाने येत नाहीत, धरण येतं. कादंबरीकाराचं बेट आणि अभियंत्याचं तळं यांत त्या घटकेला फरक एवढाच, की अभियंत्याच्या कागदाला सरकारी मंजुरी मिळणार होती.