पानमळ्याची वही

कुंभकोणमजवळ पट्टीश्वरम् नावाचं गाव आहे. कावेरीच्या पाण्यावरचा मुलूख. भात, केळी आणि विड्याची पानं तिथे पिकतात. त्या गावात एक शेतकरी राहत होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी तमिळ बोलायचा, घरात मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य मांडलं, त्यांच्या मागून जी घरं तिकडे गेली त्यांतलं हे एक. राज्य 1855 साली इंग्रजांनी खालसा केलं. घरं तिथेच राहिली, बोली घरांत राहिली.

शेतकऱ्याचा लहानसा पानमळा होता आणि एक मुलगी होती.

एका वर्षी ऑक्टोबरचा पाऊस जोरात लागला आणि पानमळ्यात मर शिरली. संध्याकाळी हिरवागार दिसलेला वेल दोन दिवसांत मान टाकायचा. उपटून बघावं तर मूळ कुजलेलं. बाप म्हणाला, "नशीब." शेजारी म्हणाला, "दृष्ट लागली." मुलगी काहीच बोलली नाही. तिनं शाळेची एक जुनी वही घेतली आणि मळ्याच्या ओळी तिच्यात आखल्या. वेल मेला की त्या जागी फुली, फुलीखाली तारीख. पाऊस किती झाला, पाणी कुठल्या वाफ्यात साचलं, तेही शेजारी लिहायचं. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी तिचं हे काम असायचं.

पहिल्या वर्षी तिला वाटलं, सावली जास्त होते म्हणून वेल मरतात. वेल हादग्याच्या झाडांवर चढवलेले होते. तिनं बापाला एका ओळीतला हादगा खूप छाटायला लावला. बापानं ऐकलं. उन्हाळा आला आणि त्या ओळीचे वेल उन्हानं करपले. सबंध ओळ गेली. बाप रागावला. मुलीनं वहीत लिहिलं, "सावली हे कारण नाही. माझ्यामुळे एक ओळ गेली."

दुसऱ्या पावसाळ्यात तिला दिसलं की फुल्या पाण्याच्या वाटेनं चालल्या आहेत. वरच्या वाफ्याचं पाणी खालच्या वाफ्यात जायचं, आणि मर त्याच्याबरोबर जायची. तिनं बापाला सांगितलं, "अप्पा, एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात सोडू नका. प्रत्येकाला वेगळा चर काढा." बाप आधीच पोळलेला. तरी त्यानं कुरकुरत दोन वाफ्यांपुरते चर काढून दिले. तिसऱ्या पावसाळ्यात त्या दोन वाफ्यांत थोडेच वेल मेले. बाकी मळ्यात नेहमीसारखे मेले. मग बापानं न सांगता फावडं उचललं आणि उरलेल्या मळ्यात चर खणले.

गावात याची कुणी चर्चा केली नाही. वही कोनाड्यात पडून राहिली.

मुलगी बारावीला गेली. हुशार होती. चेन्नईहून मामा आला आणि म्हणाला, "अमेरिकेत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी काही मोजकी विद्यापीठं आहेत. परदेशी मुलांनाही निवडताना ती घरची ऐपत बघत नाहीत. घेतलं, तर घरच्यांना जेवढं कमी पडेल तेवढं भरतात." बापाला हे खरं वाटेना. मामानं कागद दाखवले. खरंच तसं होतं. फक्त तिथे जगभरातून मुलं अर्ज करतात आणि शंभरातल्या चार-पाचांनाच घेतात.

अर्जाला गुण लागत होते, शिक्षकांची पत्रं लागत होती आणि एक निबंध लागत होता, 650 शब्दांच्या आतला. निबंधात मुलानं स्वतःबद्दल सांगायचं.

मामानं पैसे मोजून एक सल्लागार गाठला. सल्लागार वाईट माणूस नव्हता. त्याला एवढंच ठाऊक होतं की अर्ज चमकला पाहिजे. त्यानं फोनवर विचारलं, "तू गरीब मुलांसाठी काही केलंस का? वाचनालय वगैरे?"

"नाही. मी मळ्यात असते."

"मळा सगळेच लिहितात," सल्लागार म्हणाला. "वाचनालय लिहू या. चार मुलं जमवून एक फोटो काढ, म्हणजे झालं."

आठवड्यात निबंध आला. भाषा अशी की वाचणारा थक्क व्हावा. सुरुवातीला कंदिलाचा उजेड होता, मध्ये अनवाणी मुलं होती, शेवटी जग बदलण्याची शपथ होती. सोबत शिक्षकाचं पत्रही तयार होतं. खाली फक्त सही हवी होती.

मुलीनं निबंध दोनदा वाचला. तिला तो आवडला. आपण अशा असतो तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ती दोन्ही कागद घेऊन गणिताच्या गुरुजींकडे गेली.

गुरुजींनी दोन्ही कागद वाचले. सही केली नाही. म्हणाले, "चल, देवळात जाऊन येऊ."

पट्टीश्वरमचं तेनुपुरीश्वराचं देऊळ मोठं आहे. मुलगी लहानपणापासून तिथे जात होती. गुरुजी नंदीपाशी थांबले. "हा बरोबर समोर बसलाय का?"

"नाही. थोडा बाजूला आहे."

"का?"

तिला गोष्ट माहीत होती, गावातल्या प्रत्येक पोराला माहीत असते. ज्ञानसंबंधर हा बालसंत रणरणत्या उन्हातून या देवळाकडे येत होता. देवानं त्याच्यासाठी मोत्यांचा मांडव पाठवला. त्या मांडवाखालून चालत येणारं पोर देवाला गाभाऱ्यातून बघायचं होतं. मध्ये नंदी होता. देव नंदीला म्हणाला, "जरा सरक." नंदी सरकला, तो आजही सरकलेलाच आहे.

"म्हणजे देवालासुद्धा पोर नीट दिसावं म्हणून मधल्याला हलवावं लागलं," गुरुजी म्हणाले. "आता तुझा निबंध घे. तिकडे बसलेल्या माणसाला तू दिसायला हवीस. मध्ये कोण बसलंय?"

मुलगी गप्प राहिली.

दोघं देवळाच्या पायरीवर बसली. गुरुजी म्हणाले, "आपल्या कुंभकोणमच्या मुलानं परदेशी विद्यापीठात पत्र धाडलं होतं, ते तुला सांगतो. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर त्याचं घर आहे. श्रीनिवास रामानुजन. शाळेत पहिला. 1904 साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गेला, शिष्यवृत्ती मिळाली. पण गणितापुढे त्याला दुसरं काही सुचेना. बाकीच्या विषयांत नापास झाला, शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासला पचैय्यप्पा कॉलेजात गेला, तिथेही नापास. पाटीवर गणित करायचा, कोपरानं पुसायचा, उत्तर तेवढं वहीत उतरवायचा. कागद परवडत नव्हता.

"वही काखेत मारून तो लोकांच्या दारी हिंडला. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्याकडे गेला. ते आपल्यासारखेच, तंजावरी मराठी घराण्यातले. त्यांना त्या वहीतलं सगळं कळलं नाही. पण त्यांनी त्याला हाकललं नाही, पुन्हा ये म्हणाले. पटलं तेव्हा महिना 25 रुपये स्वतःच्या खिशातून द्यायला लागले. पुढे त्याला मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी मिळाली.

"तिथून त्यानं इंग्लंडच्या गणितज्ञांना पत्रं लिहिली. बेकर आणि हॉब्सन, केंब्रिजचे दोघं मोठे. दोघांकडून काही निष्पन्न झालं नाही. मग 16 जानेवारी 1913 रोजी केंब्रिजच्या हार्डींना लिहिलं. त्या पत्रात काय होतं माहीत आहे?"

"काय?"

"सुरुवातीलाच की मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून आहे, पगार वर्षाला 20 पौंड. विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही. शाळेनंतर मिळेल तेवढ्या वेळात गणित करत आलो. आणि पुढे पानंच्या पानं सूत्रं. शंभराच्या वर. मला प्रवेश द्या, असं त्यानं लिहिलंच नव्हतं. यात काही मोल दिसलं तर छापावं, मी गरीब आहे, एवढंच."

"आणि सगळं बरोबर होतं?"

"नाही!" गुरुजी पुढे सरकले. "मूळ संख्यांबद्दल त्यानं जे मोठ्या विश्वासानं लिहिलं होतं, त्यातलं काही चुकलेलं निघालं. हार्डींना आधी वाटलं, कुणी थट्टा करतंय. मग ते आणि त्यांचे सहकारी लिटलवुड रात्री ती पानं घेऊन बसले. काही सूत्रं त्यांना ठाऊक होती, काही खटपटीनं सिद्ध झाली, आणि काही अशी की त्यांनी तसलं कधी पाहिलंच नव्हतं. हार्डी म्हणाले, ही खरीच असणार. खोटी रचायची तर तेवढी कल्पनाशक्ती कुणाकडे आहे? चुकलेलं एका बाजूला राहिलं. माणूस दिसला.

"त्याला बोलावणं आलं, तर आधी हाच जाईना. समुद्र ओलांडला की जात जायची, असे दिवस. शेवटी 17 मार्च 1914 ला मद्रासहून 'नेवासा' नावाच्या जहाजानं निघाला. 1916 साली केंब्रिजनं त्याला पदवी दिली. दोनदा कॉलेजात नापास झालेल्याला, त्याच्या संशोधनावर. 1918 साली रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजचाही. तब्येत मात्र तिकडे ढासळली. परत आला, आणि 1920 साली बत्तिसाव्या वर्षी गेला. ते दुःख वेगळं. पण पत्र लिहिताना त्यानं आपली गरिबी झाकली नाही आणि आपलं काम लपवलं नाही."

मुलगी उठली. घरी आली. कोनाड्यातली वही काढली. पानांना ओल लागून डाग पडले होते, पण फुल्या वाचता येत होत्या.

तिनं सल्लागाराचा निबंध बाजूला ठेवला आणि लिहायला बसली. भाषा साधी होती. मर कशी येते, तिला काय वाटलं, कुठली ओळ तिच्यामुळे गेली, फुल्या पाण्याच्या वाटेनं जाताना कशा दिसल्या, बापानं फावडं कधी उचललं. शेवटी लिहिलं की पाण्यातून मर कशी चालते हे मला अजून नीट कळलेलं नाही, ते शिकायचं आहे. निबंध 650 शब्दांत मावेना. तिनं कंदील, अनवाणी मुलं, शपथ यांतलं काहीच घेतलं नव्हतं, तरी मावेना. मग तिनं हवामानाचं वर्णन काढलं, हादग्याची चूक ठेवली.

मामा वैतागला. "चूक कशाला सांगायची? तिथे जगातली सगळ्यात हुशार पोरं येतात."

मुलगी म्हणाली, "चूक काढली तर पुढचं कसं कळलं ते सांगता येत नाही."

गुरुजींनी आपलं पत्र स्वतः लिहिलं. छोटं होतं. मुलगी गणितात चांगली आहे, उत्तर चुकलं तर खोडत नाही, शेजारी बरोबर करून दाखवते, असं त्यात होतं. हा मजकूर त्यांच्याखेरीज दुसरं कुणी लिहू शकलं नसतं.

अर्ज गेले. हिवाळ्यात एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनीनं व्हिडिओवर तिची मुलाखत घेतली. ठरलेला वेळ अर्ध्या तासाचा होता. त्या बाईंनी पहिलंच विचारलं, "ती ओळ करपली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" मग वही बघायला मागितली. मुलीनं कॅमेऱ्यासमोर पान पान उलटून दाखवलं. तास कधी झाला ते दोघींनाही कळलं नाही.

मार्चअखेर उत्तरं आली. तिला सगळ्यांत जिथे जायचं होतं तिथून नकार आला. दुसरीकडूनही आला, तिसरीकडूनही. ती त्या संध्याकाळी जेवली नाही. बाप तिच्याजवळ बसला. त्याला विद्यापीठांतलं काही कळत नव्हतं. तो म्हणाला, "पोरी, त्यांनी हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, आपले वेल उभे आहेत. ते तुझ्यामुळे."

दोन दिवसांनी मुलाखत घेणाऱ्या विद्यापीठाचं पत्र आलं. प्रवेश दिला होता. फी, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडे होतं. ती ऑगस्टमध्ये गेली आणि वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करू लागली. वही मात्र ती घरीच ठेवून गेली, कारण पावसाळा जवळ आला होता आणि बापाला फुल्या मारायच्या होत्या.

सल्लागाराचा कंदिलाचा निबंध पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलाच्या अर्जात गेला. त्या मुलाचं काय झालं ते या गोष्टीत नाही.

परदेशी विद्यापीठात अर्ज करणाऱ्या मुलामुलींनो, आणि त्यांच्या आईबापांनो, निबंधाला बसण्याआधी आपली वही उघडा. जे खरंच केलंत, ते चुकांसकट लिहा. वही कोरी असेल तर अर्ज एक वर्ष पुढे ढकला आणि आधी काहीतरी करा.