लाटेचा अपराध

कोंकणच्या किनाऱ्यावर खडकाळ भूशिरें आणि त्यांच्या मधल्या पुळणी आळीपाळीनें आढळतात. लाटा उथळ पाण्यांत वळतात. त्यांचा जोर भूशिरावर एकवटतो व मधल्या वळणांत विखुरतो. म्हणून तेथें कातळ झिजतो आणि येथें वाळू सांचते. परंतु अमुक एका लाटेनें अमुक कडा पाडिला, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. प्रत्येक लाट निर्दोष, आणि कडा मात्र ढासळलेला!

मनुष्याच्या कृत्यांसही हाच न्याय लावावा काय? ठाणें-कल्याणच्या खाडीकांठीं हा प्रश्न टाळतां येत नाहीं. येथें समुद्राच्या लाटेचें काम भरती-ओहोटी करते. उल्हास नदी रेती व गाळ आणते, भरतीचें पाणी तो मागें लोटतें, आणि तिवरांचीं मुळें त्याला धरून ठेवितात. कांठ म्हणजे या देवघेवीची शिल्लक होय. प्राचीन ग्रीक ‘पेरिप्लस’ ग्रंथांत ज्याचा उल्लेख आहे, तें कल्याण बंदर याच शिलकेवर जगलें.

पुढें मुंब्रा, डोंबिवली व कल्याण येथील रेतीबंदरांवर अनेक दशकें खाडीची रेती उतरली. तळ खोल झाला कीं कांठाचा आधार सुटतो आणि तिवरांसह जमीन पाण्यांत जाते. मजूर म्हणतो, ‘माझी एक पाटी’. होडीवाला म्हणतो, ‘माझी एक खेप’. घर घेणारा म्हणतो, ‘माझ्या दोन खोल्या’. कोणीच खोटें बोलत नाहीं.

सन २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणीं ठरविलें कीं, वाळूसारख्या गौण खनिजांच्या ५ हेक्टरांहून लहान पट्ट्यांसही पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी हवी. लहान तुकड्यांची एकत्र हानि लहान राहत नाहीं, हें त्यामागील तत्त्व.

कोणी म्हणेल, घर हवें, मजुरीही हवी. खरें आहे. म्हणूनच दोष सर्वांस सारखा वांटतां येणार नाहीं. मजुरापुढें पर्याय थोडे, आपणांपुढें अधिक. लाटेला मागची लाट ठाऊक नसते, म्हणून ती निर्दोष. मनुष्याला बेरीज येते. ‘माझा आंकडा लहान’ ही सबब त्याला शोभत नाहीं.

माझ्या घराच्या भिंतींतही या खाडीची रेती असेल. ती परत करतां येत नाहीं. परंतु पुढची भिंत उभी राहण्यापूर्वी ‘ही रेती कोठली?’ एवढें विचारणें आपल्या हातीं आहे. आणि तेवढ्यापुरते तरी आपण लाटेहून निराळे आहोंत.