हे दोघे भांडत का नाहीत?

दोन माणसांचं पटतं ही गोष्ट तिसऱ्याला कधी पटत नाही. नवरा-बायकोचं पटत असलं तर शेजारीण म्हणते, "दिसतं तसं नसतं हो." दोन जावांचं पटलं तर सासूची झोप उडते. एका कचेरीतल्या दोन कारकुनांचं पटलं तर साहेब जुन्या फायली मागवून घेतो. आणि दोन पैलवानांचं पटलं, तर प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागायचे तेवढे शिल्लक राहतात.

७ जानेवारी २०२० ला पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती झाली. एका बाजूला आमच्या लातूरचा शैलेश शेळके, दुसऱ्या बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. शैलेश मातीवरच्या कुस्त्या मारून आलेला, हर्षवर्धन गादीवरच्या. आमचा सगळा तालुका टीव्हीपुढं बसला होता. कुस्तीच्या नावानं आमच्याकडं अंगात येतं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली खुद्द लातुरात महाराष्ट्र केसरी झाले, ते सांगताना आमच्याकडची म्हातारी माणसं अजून खुर्ची सोडून उभी राहतात. तेव्हा गदा पुन्हा लातूरला येणार म्हणून आम्ही सगळे मनातल्या मनात शड्डू ठोकत होतो.

शैलेश हरला. तीन-दोन अशा गुणांनी, म्हणजे अगदी नखभर अंतरानं. इथवर ठीक होतं. हरल्यावर काय करायचं हे आम्हांला ठाऊक आहे. पंचाला शिव्या घालायच्या, समोरच्याच्या तालमीला घालायच्या, जमलं तर त्याच्या वस्तादाला घालायच्या. पण घोटाळा असा, की दोघेही एकाच तालमीचे. वस्ताद एकच, काका पवार, आणि तेही आमच्याच लातूर जिल्ह्यातले. शिवी कुणीकडूनही सोडली तरी फिरून आपल्याच अंगणात पडणार! त्यात कहर म्हणजे जिंकलेल्या हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशला उचलून खांद्यावर घेतलं आणि तसाच मिरवला.

दुसऱ्या दिवशी पिंपळफाट्यावरच्या हॉटेलात सुतकी वातावरण होतं. एक जण मला म्हणाला, "गुरजी, ही कुस्ती म्हनायची का सोयरीक?" दुसरा त्याच्याही पुढं गेला. "ह्येंचं भांडनच न्हाई, तर आपन बघायचं काय?"

हा प्रश्न तसा टाकाऊ नाही. मी गणित शिकवण्यात उभी हयात घालवली, त्यामुळं बाकी शून्य आली नाही की मला चैन पडत नाही. गदा एक, दावेदार दोन, दोघांनाही ती प्राणापलीकडं हवी; मग वैर का नाही? ते जायला हवं होतं कुठं?

वैर कसं असतं हे पाहायचं तर अमेरिकेकडं पाहावं. तिकडं व्यावसायिक कुस्तीचा मोठा कारखाना आहे. तो वैरं बनवतो, आणि वैरातून कुस्त्या बनवतो. शाळकरी वयात माझा मुलगा तिकडच्या पैलवानांची पत्त्यांसारखी कार्डं जमवायचा. उंची, वजन, छाती पाठ. आणि पाढे विचारले की छतातली जळमटं मोजायचा. त्यानं मला अंडरटेकर आणि केन या दोघांची हकीकत सांगितली होती. केन हा म्हणे अंडरटेकरचा सावत्र भाऊ. लहानपणी आगीत होरपळला, सगळ्यांना वाटलं मेला, आणि १९९७ साली तोंडावर मुखवटा चढवून भावाचा सूड घ्यायला आला! ऐकून मला गहिवरून आलं. पुढं कळलं, की ते दोघं एकमेकांचे कुणीच नव्हते. एक टेक्ससचा, दुसरा भलतीकडचा. वैराला धार यावी म्हणून कंपनीनं त्यांना भाऊ केलं होतं.

गंमत पाहा. आपल्याकडं एका वस्तादाच्या हाताखालची दोन पोरं गुरुबंधू होतात. रक्ताचं नातं नसतं, पण भाऊ म्हटल्यावर आपसांत कुस्ती धरायला संकोचतात. तिकडं भाऊ करतात ते भांडण लागावं म्हणून. भाऊच खरं कडाक्याचं भांडू शकतो हे तिकडच्या व्यापाऱ्यांना कसं कळलं असेल, याचं मला नवल वाटतं. त्यांनी कधी आमच्याकडचे सात-बारा पाहिले असतील असं वाटत नाही.

याच कंपनीनं १९८९ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळात कबूल करून टाकलं, की आमच्या कुस्त्या म्हणजे करमणूक, खरी स्पर्धा नव्हे. सत्याचा उमाळा वगैरे काही आला नव्हता. खरा खेळ म्हटलं की सरकारी नियम आणि कर लागत होते, ते टाळायचे होते. खोटं बोलून कर चुकवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. खरं बोलून कर चुकवणारे एवढेच.

आमच्या पिढीचा फ्रीस्टाइलवाला म्हणजे दारासिंग. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये त्याच्या कुस्त्या व्हायच्या. किंगकाँगसारखा त्याच्या दीडपट वजनाचा डोंगर त्यानं उचलून फेकला, ही कथा आमच्या मराठवाड्यातल्या न्हाव्याच्या दुकानातसुद्धा हातवाऱ्यांसह सांगितली जायची. वस्तरा गळ्याशी असल्यामुळं ऐकणारा हरकत घेत नसे. दारासिंगचा धाकटा भाऊ रंधावा, तोही नामांकित पैलवान, तोही सिनेमात. या दोघांचं वैर मात्र कधी गाजलं नाही. सख्खे भाऊ तयारच होते, आगीत होरपळवायचीही गरज नव्हती, तरी आपल्याकडच्या कुणाला ते सुचलं नाही.

आता थोडं मागं जाऊ. आपल्याकडं कुस्तीचं कुठलंही बोलणं गामापाशी गेल्याशिवाय संपत नाही, हा नियम मी केलेला नाही. गामानं १९१० साली लंडनमध्ये पोलंडच्या झिबिस्कोला असं जेरीला आणलं, की तो गडी अडीच तास मातीला, म्हणजे तिकडच्या गादीला, पोट चिकटवून पालथा पडून राहिला. पुढच्या आठवड्याला फेरकुस्ती ठरली तर आलाच नाही. १९२८ साली पतियाळाला पुन्हा गाठ पडली, तेव्हा गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. या गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष. लंडनला तोही गेला होता आणि त्यानंही स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला चटकन लोळवलं. पुढं तर शिरस्ताच पडला. गामाशी लढायचंय? आधी इमामबक्षला पाडून या.

म्हणजे हिंदुस्थानातले पहिले दोन मल्ल एकाच घरात राहत होते आणि त्यांची कुस्ती कधी लागली नाही. लोक या गोष्टीचं फार कौतुक करतात. रामलक्ष्मण म्हणतात. मीही पुष्कळ वर्षं म्हणत होतो. पण आताशा मला वाटतं, हे कौतुक गामाच्या बाजूनं बसून केलेलं आहे. थोरला दिवाणखान्यात आणि धाकटा उंबऱ्यावर. येईल त्याला धाकट्यानं अंगावर घ्यायचं. त्याच्या मनात कधी आलं नसेल, की एकदा, फक्त एकदा, दार लावून घ्यावं, कुणी बघायला नको, हलगी नको, आणि काय ते होऊन जाऊ द्यावं? "आपल्यात कसली कुस्ती?" हे वाक्य फार गोड आहे. पण ते नेहमी ज्याच्याकडं गदा असते तोच बोलतो.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतो, कारण मी धाकटा आहे.

आमची वडिलोपार्जित सामाईक विहीर आहे. बापू माझे थोरले चुलतभाऊ. त्यांची मोटार तीन दिवस, माझी तीन दिवस, असं आमच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी तोंडी ठरवून दिलं. आठवड्याला दिवस सात असतात ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नसेल असं नाही. सातवा दिवस त्यांनी मुद्दामच मोकळा ठेवला. ज्याला नड असेल त्यानं घ्यावा. मोठी माणसं होती ती, पण मोकळ्या ठेवलेल्या जागेवर पुढं काय उगवतं याचा त्यांना अंदाज नव्हता. त्यांच्यामागं तो रविवार हळूहळू बापूंकडं कलला. स्टार्टरची पेटी त्यांच्या बांधावर. मी कधी विषय काढला की बापू मायेनं म्हणायचे, "आरं, आपल्यात कसला सातवा दिवस?" आणि खटका दाबायचे.

२०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं, त्या वर्षी आमच्यात शब्दानंही वाद नव्हता. विहीर ठणठणीत कोरडी होती. वाद व्हायलासुद्धा चार हात पाणी लागतं.

पुढं पाऊसपाणी बरं झालं आणि रविवार पुन्हा वर आला. मग भावकीनं आमची जोड लावली. जत्रेत कुणाची कुस्ती कुणाशी हे पंच ठरवतात, तसं. बापूंकडं जाऊन सांगायचं, "गुरजी वकिलाकडं गेल्ते म्हनं." माझ्याकडं येऊन, "बापू काय म्हनूलालेत ठावं हाय का?" आमच्या भागाला या प्रकाराची सवय आहे. लातूरचे विलासराव देशमुख आणि आमच्या रेणापूरचे आमदार गोपीनाथ मुंडे, दोन विरुद्ध पक्षांचे, सभेत एकमेकांना चिमटे काढायचे आणि सभेबाहेर मित्र असायचे. त्याचाही काही लोकांना मनापासून त्रास व्हायचा. "नुरा कुस्ती हाय सगळी," म्हणायचे. रेणापूर मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून नकाशावरून गेला, ते दोघेही आता नाहीत. ज्यांना त्रास व्हायचा ते मात्र खडखडीत आहेत.

वकिलाकडं मी खरंच गेलो होतो. ते म्हणाले, दावा बळकट आहे, तुम्ही जिंकाल. मी विचारलं, कधी? त्यावर ते नुसते हसले. बसनं परत येताना मला लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या कुस्त्या आठवल्या. महाशिवरात्रीला वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेल्या. सलामी झाली, हात मिळाले, की पैलवान चिमूटभर माती घेऊन समोरच्याच्या अंगाला लावतो. घामानं हात निसटू नये म्हणून. म्हणजे मी तुला धरणार आहे, तूही मला नीट धर. ज्याला पाडायचंय त्याच्या हाताला आधी आपलं अंग देणं, हे वैरात बसत नाही. वैरात माणूस अंगाला तेल लावून येतो.

आणि कुस्तीला शिट्टी असते. बालेवाडीची ती कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. त्या सहा मिनिटांत त्या दोघांनी एकमेकांची काही गय केली नाही. शिट्टी वाजली, हिशेब मिटला, मग खांद्यावर घ्यायला खांदा मोकळा होता. मला गामाच्या घरापेक्षा हे जास्त आवडतं. दाव्याला शिट्टी नसते, तारीख असते. आणि "आपल्यात कसला सातवा दिवस" यालाही शिट्टी नसते, ही बापूंना सांगण्याजोगी गोष्ट होती.

मी सांगितली. अर्थात कुस्तीचं वगैरे काही बोललो नाही. म्हटलं, "बापू, ह्या रविवारी हिरीवर बसू. तुम्ही तुमचं बोला, मी माझं बोलतो. उठायच्या आत ठरवायचं. माझ्या विरुद्ध गेलं तर पुन्हा तोंडातून काढणार नाही."

बापू बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "आन् माझ्या विरुद्ध गेलं तर?"

"तर तुम्ही काढायचं नाही."

दोन तास बसलो. भावकी बांधावर रांगेनं उभी. मी सगळं बोललो. स्टार्टरच्या पेटीचं, वाळलेल्या तुरीचं, वडिलांच्या शब्दाचं. बापूंनीही काढलं, की मी नोकरीवर होतो तेव्हा विहिरीतला गाळ कुणी उपसला, फुटलेली पाइपलाइन कुणी जोडली. ते मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दोनदा ते उठले, एकदा मी उठलो. आवाज चढले तशी बांधावरची मंडळी आशेनं पुढं सरकली. शेवटी ठरलं, की पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंतचे रविवार बापूंचे, तिथून पुढचे माझे.

"गुरजी," बांधावरून एकानं कळवळून सांगितलं, "उन्हाळ्यात हिरीत पानी कुठं असतंय?"

"आन् पावसाळ्यात मोटार कशाला लागतीय?" बापूंच्या बाजूचा दुसरा म्हणाला.

मग कोण हरलं यावर त्यांचंच जुंपलं. बापूंनी मोटारसायकल काढली. खांद्यावर घेण्याची आमची दोघांचीही वयं राहिलेली नाहीत. "बस मागं," एवढंच म्हणाले. आम्ही निघालो तसा एक जण लगबगीनं आडवा आला.

"मिटलं व्हय?" त्यानं विचारलं. मयतीला गेल्यावर 'कधी झालं?' असं विचारतात ना, अगदी त्या आवाजात.