तेच की तसेच: पायथनमधील यादी, स्ट्रिंग आणि प्रत्यभिज्ञा

वस्तू बदलते तेव्हा तीच वस्तू नव्या अवस्थेत जाते, की जुनी नाहीशी होऊन तिच्या जागी दुसरी येते, हा भारतीय दर्शनांतील एक मूलगामी वाद आहे. सांख्यांच्या परिणामवादानुसार धर्मी, म्हणजे गुणधर्मांचा आश्रय असलेली वस्तू, टिकून राहते आणि तिच्या अवस्था तेवढ्या पालटतात. न्याय-वैशेषिकांच्या आरंभवादात मात्र कार्य हे कारणाहून वेगळे, नव्याने उत्पन्न झालेले द्रव्य ठरते. म्हणूनच वस्त्रात एक धागा वाढवला तरी पहिले वस्त्र नष्ट होऊन दुसरे निर्माण झाले, असे वैशेषिक निःसंकोच मानतात.

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या पायथन या संगणकभाषेत हे दोन्ही पक्ष शेजारी नांदताना दिसतात. यादी म्हणजे मूल्यांचा क्रमबद्ध संग्रह. एका यादीला 'क' आणि 'ख' अशी दोन नावे दिली आणि 'ख'मार्फत तिच्या शेवटी एक घटक जोडला, तर तो 'क'मधूनही दिसतो, कारण यादी तीच राहून बदललेली असते. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. तिलाही 'क' आणि 'ख' अशी दोन नावे दिली आणि 'ख'पुढे एखादे अक्षर जोडून तो परिणाम पुन्हा 'ख'लाच दिला, तर नवी स्ट्रिंग तयार होते, 'ख' हे नाव तिच्याकडे वळते आणि 'क' मात्र जुन्या स्ट्रिंगलाच धरून राहते. वैशेषिकांच्या वस्त्राहून फरक इतकाच, की येथे जुने द्रव्य कोणी धरून ठेवले असेल तोवर नष्ट होत नाही.

या व्यवहारातील खरा मर्मभाग दुसऱ्या नावात आहे. केवळ 'क' असते, तर घटक जोडलेली यादी आणि अक्षर जोडलेली स्ट्रिंग यांच्याकडे पाहून एक बदलली व दुसरी नव्याने घडली, हे ओळखता आले नसते. वस्तू टिकून राहते या बाजूने नैयायिक प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे 'हे तेच' या ओळखीचा, आधार घेतात; बौद्ध उत्तर देतात की दिव्याची ज्योत किंवा कापून पुन्हा वाढलेले केसही 'तेच' वाटतात, आणि तेथे सादृश्यच एकत्वाचा आभास निर्माण करते. पायथन 'सारखे आहे का' आणि 'तेच आहे का' हे प्रश्न दोन स्वतंत्र चिन्हांनी विचारते, पण स्मृतीजवळ अशी दोन चिन्हे नसल्याने बौद्धांचा आक्षेप येथे बलवान ठरतो. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी येणारा युक्तिवाद अधिक भक्कम आहे: डोळ्यांनी पाहिलेल्याच वस्तूला स्पर्श झाला, अशी जाणीव होते, तेव्हा दोन वाटांनी एकाच वस्तूपर्यंत पोहोचणे घडते, आणि त्या दोन वाटा जुळवणारा ज्ञाता डोळाही नसतो, त्वचाही नसते; 'क' आणि 'ख' यांची तुलना जशी त्या दोहोंपैकी कोणतेही नाव करत नाही, तसेच हे आहे, आणि नैयायिकांचे आत्म्याविषयीचे अनुमान नेमके याच ठिकाणी उभे राहते.